दामूजींचं जनावर

गाडी बंद पडली की दामूजी सगळ्यांत आधी आजूबाजूच्या माणसांना तोंड फिरवायला लावायचे.

"तिकडं पाहा, तिकडं! इकडं पाहू नका कोनी. लाजली हाये थे."

मग समोर कुणी का असेना. गाडीत बसलेला व्याही असो, सायकलवरून चाललेला पोस्टमन असो, नाहीतर एसटीच्या खिडक्यांतून वाकून बघणारे अनोळखी लोक असोत. एसटीकडेही दोन्ही हात हलवत ते "पाहू नका, पाहू नका" करायचे आणि त्यामुळे पलीकडच्या बाजूला बसलेले लोकही उठून बघायला यायचे. धक्का मारायला चार माणसं जमली तर त्यांनीही गाडीकडे पाठ करायची, डिकीला बूड टेकवायचं आणि उलट्या पावलांनी रेटायचं. गाडी चालू होऊन पुढे गेली की चौघंही एकदम रस्त्यावर बसत. मी स्वतः तसा बसलेलो आहे. भर बाजाराच्या दिवशी, हिंगणघाटात, टोमॅटोच्या पाट्यांसमोर.

मी मूळचा इकडचा नव्हे. चंदगडकडचा. आठवीतून शाळा सोडली, ट्रकवर क्लीनर म्हणून निघालो आणि जामच्या फाट्यावर उतरलो. का उतरलो ते त्या ड्रायव्हरला विचारा, कारण मला उतरवलं त्यानं. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. जामला नागपूरचा रस्ता, चंद्रपूरचा रस्ता, रात्रंदिवस ट्रक. तिथं एका मिस्त्रीच्या हाताखाली वायरिंगचं काम शिकलो. घरी पत्र टाकायचो, पण जायचो नाही. शाळा अर्धी टाकून पळालेल्या माणसानं काय तोंड घेऊन जायचं, असं वाटायचं.

एक दिवस ढोपरापर्यंत धोतर, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला एक लांबट माणूस चालत आला आणि म्हणाला, "मिस्तरी, जनावर बसलं हायवेवर. चाल लवकर."

मी म्हणालो, "गुरांचा डॉक्टर समुद्रपूरला असतोय ओ."

"डॉक्टर नाई पाह्यजे. वायरवाला पाह्यजे."

ते जनावर म्हणजे शेवाळी रंगाची, गोल डोळ्यांची, जुन्या काळची एक विलायती मोटार होती. अल्लीपुरात गुरांच्या खाण्याचं, सरकी-ढेपेचं दुकान चालवणाऱ्या दामूजींच्या गळ्यात ती एका जिनिंगवाल्यानं गाव सोडताना मारलेली. समोरचं कंपनीचं चिन्ह केव्हाच पडलेलं. आत आरशाला बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ बांधलेली, त्यामुळे ती चालू असली की खुळखुळायची आणि बंद पडली की एकदम चिडीचूप. मी बॉनेट उघडलं. आत कॉइलवर ओल्या फडक्याची घडी ठेवलेली होती. तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तशी.

"अंगात ताप हाये तिच्या," दामूजी हळूच म्हणाले. "हात लावून पाह्य."

हात लावला. चटका बसला. ताप होता.

मी स्क्रू ड्रायव्हर काढणार, एवढ्यात उजेड गेला. दामूजींनी डोक्याचा दुपट्टा सोडून माझ्यावर आणि बॉनेटवर मिळून पसरला होता. बाहेरून त्यांचा आवाज आला, "तू कर तुहं काम. लोकं पाहून राह्यले."

त्या दिवशी पॉइंट साफ केले आणि गाडी चालू झाली. दामूजींनी मला जवळ घेतलं, पाठ थोपटली आणि तिथं जमलेल्या ट्रकवाल्यांना सांगितलं, "हे आपले इंजिनीअर साहेब." मी घाईघाईनं सांगितलं की मी आठवी नापास आहे. दामूजी म्हणाले, "पाहा, किती साधा मानूस हाये."

तिथून माझी जी फजिती सुरू झाली ती काही वर्षं पुरली.

ते जिथं जातील तिथं मी इंजिनीअर. कृषी केंद्रात इंजिनीअर, सोयऱ्यांच्या साखरपुड्यात इंजिनीअर. एकदा ग्रामपंचायतीत मला पाण्याच्या टाकीखाली उभं केलं आणि "हे सांगतीन टाकी कायले गळते" म्हणाले. मी वर बघितलं, खाली बघितलं, आणि "गळती आहे" असं सांगितलं. सगळ्यांनी माना हलवल्या. माझ्या कानशिलाची कॉइल झाली होती, फक्त ओलं फडकं ठेवायला कुणी नव्हतं.

पण त्यांना तोडून बोलणं जमायचं नाही. माझ्या मिस्त्रीनं दुकान बंद केलं तेव्हा जामच्या चौकात दामूजींच्या साडूचं हॉटेल होतं, त्याच्या भिंतीला लागून मला टपरी टाकू दिली ती त्यांच्या शब्दावर. मला कावीळ झाली तेव्हा अल्लीपूरला नेऊन त्यांच्या घरच्यांनी महिनाभर ताक-भाकरी खाऊ घातली. त्या उपकाराला माझ्याकडं देण्यासारखं एकच होतं, त्यांची गाडी न बंद पडणं. आणि नेमकं तेच मला जमत नव्हतं.

ही गाडी बंद पडायची तीही शहाण्यासारखी नाही. पेट्रोल संपलं, बॅटरी उतरली, असं काही कारण द्यायची नाही. चालता चालता एक आचका, दुसरा आचका, बंद. थोडा वेळ बसू द्या, पुन्हा चालू. मी येऊन तपासायचो तेव्हा सगळं ठणठणीत. प्लग बदलले, कंडेन्सर बदलला, कॉइलसुद्धा बदलली. नव्या कॉइललाही ताप. बॅटरीचा करंट कॉइलमध्ये येतो, कॉइल त्याला जोर देते, आणि डेल्को म्हणतात तो डबा ती ठिणगी एकेका प्लगला वाटतो. एवढं सोपं काम. कुठंतरी वाटणी थांबत होती आणि कुठं थांबते ते इंजिनीअर साहेबांना कळत नव्हतं.

दर वेळी मी मान खाली घालून म्हणायचो, "दामूजी, दुसऱ्या कुणाला तरी दाखवा."

दर वेळी ते म्हणायचे, "कायले? तुह्यासमोर लाजत नाई ना आता थे."

शेवटी दोष सापडला तो त्यांच्या दुपट्ट्यामुळे. एकदा इंजिन चालू ठेवून मी आत वाकलो होतो. वर दुपट्टा, आत अंधार. इंजिन जरा हललं आणि डेल्कोच्या मागं, पत्र्याच्या चापाखाली, बारीक निळी टिकली चमकली. इंजिननं आचका दिला. पुन्हा हललं, पुन्हा टिकली. कॉइलवरून डेल्कोकडं जाणारी बोटभर जाडीचीही नाही अशी वायर तिथं उघडी पडली होती आणि लोखंडाला टेकत होती. टेकली की सगळा करंट अंगात उतरायचा. ठिणगी बंद आणि कॉइल नुसती तापत बसायची. भर उन्हात, उघड्या बॉनेटसमोर, ती टिकली मला जन्मात दिसली नसती.

वायर काढून बघितली. जुन्या पद्धतीचं सुती वेष्टण, त्याच्यावर बारीक दातांच्या खुणा. उंदीर. ढेपेचं गोदाम शेजारी, म्हणजे नवल नाही. वेष्टणाला पिवळट, तुपकट थर होता. मी विचारलं, "हे पिवळं काय?"

दामूजी गोदामाच्या छपराकडं बघायला लागले. "जुनी हाये ना वायर. पिवळी पडनारच."

तशाच सुती वेष्टणाची नवी वायर टाकली. हिवाळा गेला, उन्हाळा गेला, गाडी एकदाही बसली नाही. मला अल्लीपुरात चहाचे पैसे कुणी देऊ देईना. मग पोळा झाला, भाद्रपद लागला, आणि दामूजी टपरीवर हजर. "बसली."

तीच जागा. तेच दात. तोच पिवळा थर.

पुढच्या वर्षी पुन्हा पोळा, पुन्हा भाद्रपद. मी म्हटलं मांजर पाळा. त्यांनी पाळलं. मांजर रात्रंदिवस बॉनेटवर पसरलेलं असायचं. पोळा झाल्यावर गाडी तरीही बसली. तपासायला गेलो तेव्हा मांजर समोरच मिशा चाटत होतं. मिशा पिवळ्या होत्या. मी त्या मिशांकडं बघत राहिलो, पण माझं डोकं वायरीच्या पुढं चालत नाही.

त्या पुढच्या वर्षी श्रावणात पुण्याहून त्यांच्या मुलाचा, प्रशांतभाऊंचा फोन आला. ते खरेखुरे इंजिनीअर. मागच्या खेपेला त्यांची बायको आणि लहान मुलगी वर्ध्याच्या रस्त्यावर भर पावसात गाडीकडं पाठ करून उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी सरळ सांगितलं, "बाबा, पोळ्याच्या दिवशी सकाळी आम्ही वर्ध्याला उतरतो. स्टेशनपासून घरापर्यंत एकदाही बंद न पडता गाडी आली तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही. पण बंद पडली तर दिवाळीच्या आत विकायची. नागपूरचा एक शौकीन माणूस तयार आहे."

दामूजी हो म्हणाले आणि तडक जामला आले. टपरीसमोरच्या बाकावर बसले. चहा आला तो निवला.

"विका म्हन्ते," ते म्हणाले.

"नाही विकावी लागणार. मी आदल्या दिवशी येतो."

"नाई, तसं नाई." पुढं त्यांना काहीतरी सांगायचं होतं. ते न सांगता त्यांनी निवलेला चहा एका दमात पिऊन टाकला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी अल्लीपूरला गेलो. वायर नवी टाकली, चाप बदलला, गाडी गावाबाहेरपर्यंत तीनदा फिरवून आणली. मांजराला काकूंकडून, म्हणजे दामूजींच्या घरच्यांकडून, दूध पाजलं, म्हणजे रात्री पहाऱ्याला उभं राहील. निघालो. स्टँडवर आल्यावर खिसे चाचपले तर टेस्टर बल्ब नाही. तो गाडीपाशीच राहिला होता. दिवस मावळायला आलेला, गावात घरोघरी खांदशेकणीची गडबड. ज्यांनी हे बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला, जिथं वर्षभर जू बसतं तिथं, पळसाच्या पानानं लोणी आणि हळद चोळतात. आणि त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन देतात, माणसाला देतात तसं.

गोदामाशेजारी टिनाच्या शेडमध्ये गाडी होती. दार लोटलेलं. आतून दामूजींचा आवाज येत होता, अगदी खालच्या पट्टीत.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. आज आवतन घ्या..."

बॉनेट उघडं होतं. डाव्या हातात पितळी वाटी, उजव्या हातात पळसाचं पान. मी तासाभरापूर्वी बसवलेल्या नव्या वायरीवर दामूजी हळद घातलेलं लोणी चोळत होते. मायेनं, वरून खाली. चाकाशी मांजर आपल्या वाट्याची वाट बघत बसलं होतं.

माझ्या चपलेखाली खडा वाजला. दामूजींनी मागं बघितलं. मी आयुष्यात पुष्कळ माणसं लाजलेली बघितली, स्वतः तर रोजचा लाजणारा. पण पासष्टीच्या माणसाचा चेहरा असा उतरलेला कधी बघितला नाही. वाटी हातात धरून भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. मग मीही दाराकडं तोंड फिरवलं. नको ते बघितलं, असं वाटलं.

आम्ही दोघं असे पाठीला पाठ लावून उभे.

"मानक्या न् बांड्या," भिंतीकडून आवाज आला. "जोडी होती माही. भाजीपाल्याचं वावर होतं आमचं, त्याइच्याच जिवावर. मंग वावर भावाले देलं न् दुकान टाकलं. बैलाचं काय काम रायलं? गिऱ्हाईक आलं. पोळा तोंडावर होता गा. पोळा झाल्यावर नेजो, एवढं म्हनाले का लागते? पर म्हटलं गिऱ्हाईक पलटून जाईन. देऊन टाकले. सालभर राबले. त्याइचा एक दिवस असते. थो बी नाई देला म्या."

"त्या सालापासून पोळ्यात नाई गेलो. कोन्त्या तोंडानं उभं राहू? मंग हे आली. म्हटलं हिचं तरी करावं. प्रशांतले नोको सांगजो. बाप येडा झाला म्हनन."

आता माझ्या डोक्यात हळू हळू सगळं जुळलं. पोळा, भाद्रपद, पिवळा थर, मिशा. लोण्याचा वास, गोदामातले उंदीर, आणि सुती वेष्टणाची वायर म्हणजे त्यांना घातलेली पंगतच. आज रात्री पंगत बसली की उद्या सकाळी गाडी वर्ध्याच्या रस्त्यावर आडवी. आणि लोणी लावू नका असं सांगायचं तर कुणाला सांगायचं? त्या भिंतीकडं तोंड केलेल्या माणसाला?

मी म्हणालो, "दामूजी, चुकीच्या जागी लावताय."

ते वळले.

"हे डोकं आहे हिचं. डोक्याला कुणी लोणी लावतं का? खांद खाली असते."

"खाली?"

बारदान अंथरलं. दोघंही पाठीवर झोपून मागच्या बाजूनं आत सरकलो. मी काडी ओढून चाकांवरच्या कमानीचे, म्हणजे स्प्रिंगचे, पट्टे दाखवले. "हे बघा. माणसं बसू देत, ढेपेची पोती भरू देत, सगळा भार हिच्यावर. ही दोन्हीकडची. ही खांद."

दामूजींनी कमान हातानं चाचपली. गंजलेली, चिखलानं माखलेली, मधोमध झिजलेली. तिच्यावर त्यांचा हात बराच वेळ राहिला.

"म्हनजे इतके वर्स मी तिच्या मुस्कटालेच हळद लावून राह्यलो?"

"हो."

"बोलली नाई तं कधी!"

बाहेर येऊन त्यांनी आधी वायर पुसली. स्वतःच्या दुपट्ट्यानं, एकेक बोट पुढं सरकत, पिवळा डाग उरू दिला नाही. मी वर घासलेटचा हात फिरवला. मग दोघांनी आडवं पडून दोन्ही कमानींना लोणी-हळद चोळली. आवतन मात्र त्यांनी माझ्यासमोर पुन्हा म्हटलं नाही. मी टेस्टर शोधायला उगाच बाहेर गेलो, तेव्हा म्हणाले असतील.

सकाळी वर्ध्याहून निघालो. पुढं दामूजी आणि प्रशांतभाऊ, मागं प्रशांतभाऊंची बायको, त्यांची मुलगी आणि खिडकीला चिकटून मी, पूर्ण शरीराचा कान करून. प्रशांतभाऊंनी विचारलं, काय दोष होता? मी चाचरत वायरीचं सांगितलं, उंदराचं सांगितलं, लोण्याचं गिळलं. ते म्हणाले, "वायरवर प्लास्टिकची नळी चढवून टाका." एवढंच. खरा इंजिनीअर किती कमी बोलतो ते तेव्हा कळलं. ती नळी आजही मी सगळ्यांच्या गाड्यांना चढवतो.

नाल्याच्या उतारावर गाडीनं एक आचका दिला. घुंगरमाळ थांबल्यासारखी झाली. दामूजींचे दोन्ही हात स्टेअरिंगवर पांढरे पडलेले मला मागून दिसले. मग ती चढणीला लागली आणि खुळखुळत राहिली, थेट अंगणापर्यंत.

प्रशांतभाऊ उतरले, वाकून चाकांकडं बघितलं, कमानीवरची हळद त्यांना दिसली असावी. वडिलांकडं बघितलं. "विषय संपला, बाबा," म्हणाले आणि पिशव्या घेऊन आत गेले.

माझं काम झालं होतं. पण काकूंनी पुरणपोळीला ठेवून घेतलं. जेवणं झाली, प्रशांतभाऊ प्रवासानं झोपले, आणि चारच्या सुमाराला नात दामूजींच्या धोतराला लोंबकळायला लागली. "आजोबा, बैल दाखवा ना. सगळे चाललेत."

"तुह्या बापाले सांग."

"ते झोपलेत."

"मंग आजीले सांग."

"आजी म्हणाली आजोबांना सांग."

दामूजींनी माझ्याकडं बघितलं. मी चपला घातल्या. दुसरं काय करणार?

गावाबाहेर आखरावर, म्हणजे गुरं जमतात त्या मोकळ्या जागी, तोरण बांधलेलं. बैलांची रांग, शिंगांना रंग, पाठीवर झुली, पोरांची आरडाओरड, डफड्यांचा आवाज. दामूजी नातीला खांद्यावर घेऊन पानठेल्याच्या आडोशाला, कुणाला दिसणार नाही असे उभे राहिले. नात ओरडत होती, "जवळ चला ना." ते एक पाऊल पुढं जायचे आणि अर्धं मागं यायचे.

रांगेत मागच्या बाजूला किसनजी होता, त्यांच्या जुन्या वावराचा धुरकरी, म्हणजे बांधाला बांध लागलेला शेजारी. त्यानं आम्हाला बघितलं. काही आश्चर्य दाखवलं नाही, हाक मारली नाही, इतक्या वर्षांनी कसे, असं विचारलं नाही. आपला बैल घेऊन सरळ ठेल्यापाशी आला.

"दामूजी, जरा धरजा याले. पान खाऊन येतो."

आणि कासरा त्यांच्या हातात कोंबून तो गेलाही. दामूजींना काही म्हणायला वेळच मिळाला नाही. नातीला माझ्याकडं दिलं आणि ते कासरा धरून उभे राहिले, परक्याचं लेकरू हातात आल्यासारखे अवघडून. रांग पुढं सरकली. मागच्यानं "चाला दामूजी, थांबले काऊन?" म्हटलं. ते चालायला लागले. तोरणाच्या जवळ पोचेपर्यंत त्यांनी बैलाची झूल दोनदा सारखी केली होती आणि त्याच्या पिवळ्या खांद्यावर हात ठेवला होता. तो हात पुढं काही निघाला नाही.

मी नातीला घेऊन ठेल्यावर गेलो. किसनजीचं पान केव्हाच खाऊन झालं होतं. हात मागं बांधून तो नुसता उभा होता, रांगेकडं बघत.

मी म्हणालो, "किसनजी, बैल घ्यायचा नाही का?"

"थांब ना बे," तो म्हणाला. "तुले काऊन घाई होऊन राह्यली?"